रेषा जोडायची राहिली का? पुएब्लो मडक्यांवरची नक्षी वर्गात शिकवताना

अमेरिकेतल्या पुएब्लो मूलनिवासींच्या झुनी किंवा कोचिटी गावच्या जुन्या पाण्याच्या मडक्याचा फोटो समोर धरला, की पाच मिनिटांच्या आत वर्गातलं एखादं पोर हात वर करतंच. "मिस, इथं चुकलंय. रेषा जोडायची राहिलीय." गळ्याभोवती एक काळी रेषा फिरत येते आणि सुरुवातीच्या टोकाला भिडायच्या आधी बोटाच्या पेराएवढी फट सोडून थांबते. चूक मुळीच नाही ती. फट मुद्दाम सोडलेली असते.

पहिल्या वर्षी मी ठोकून सांगितलं होतं, "मडक्यातल्या जिवाला बाहेर पडायला वाट ठेवतात." कुठल्याशा छापील तक्त्यात वाचलेलं होतं. मागच्या बाकावरची एक मुलगी, तिची आजी मडकी घडवणारी, हळूच म्हणाली, "आमच्याकडे वेगळं सांगतात." काय सांगतात, असं मी विचारलं. "ते मी इथं नाही सांगणार," म्हणाली आणि चित्र काढायला लागली.

मी अल्बुकर्कीत, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, सहावी ते आठवीच्या मुलांना चित्रकला शिकवते. त्या दिवसानंतर तो तक्ता मी फाडून टाकला. नागमोडी रेषा म्हणजे पाणी, पायऱ्या म्हणजे ढग, पंजा म्हणजे अस्वल; जोड्या लावा, पाच गुण. असले तक्ते ढिगानं मिळतात आणि मुलांना ते आवडतातही, कारण बघायचं काही उरतच नाही. खाली दिलेली पद्धत त्यानंतर चुकत-माकत जमलेली. पाऊण तासाचे चार तास लागतात. पुण्यात किंवा न्यू जर्सीच्या रविवारच्या मराठी शाळेतही जमेल. मडकं हातात नसलं तरी चालतं, चांगले फोटो हवेत.

आधीची तयारी: पाचच मडकी निवडा

वीस फोटोंचा स्लाइड शो करू नका. मी पाच घेते: ॲकोमाचं पोपटाचं मडकं, झियाचं पक्ष्याचं, झुनीचं हरणाचं, सॅन इल्डेफॉन्सोचं काळ्यावर काळं, आणि होपी लोकांच्या फर्स्ट मेसा या पठारावरच्या नाम्पेयो नावाच्या कुंभारणीच्या हातचं एक. सहावं मुद्दाम बिननक्षीचं. टाओस किंवा पिकुरिसचं अभ्रकाच्या मातीचं, डाळी-उसळी शिजवायचं भांडं. त्यावर रंगाची एक रेघ नसते, उन्हात धरलं की नुसतं चमचमतं. हे नसलं तर मुलांची खात्रीच होते की नक्षी नाही म्हणजे कला नाही.

फोटो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या किंवा वॉशिंग्टनच्या अमेरिकन इंडियन राष्ट्रीय संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून घ्या. तिथं गाव, साधारण काळ, माप आणि ठाऊक असेल तर घडवणारीचं नाव दिलेलं असतं. "प्राचीन इंडियन पॉट" एवढंच लिहिलेला फोटो दिसला तर सोडून द्या.

एक पथ्य. मिम्ब्रेस नावाची हजारेक वर्षांपूर्वीची काळी-पांढरी वाडगी इंटरनेटभर दिसतात. ससे, मासे, टोळ, माणसं. चित्रं इतकी देखणी की मोह होतो. पण त्यांतली कितीतरी पुरलेल्या माणसाच्या तोंडावर पालथी घातलेली होती, तळाला भोक पाडून. म्हणजे ती कबरीतून निघालेली आहेत, त्यातली बरीच चोरून. अमेरिकेत १९९० साली असे अवशेष त्या त्या लोकांना परत करण्याचा कायदा झाला, आणि २०२४ पासून संग्रहालयांना अशा वस्तू मांडण्याआधी संबंधित जमातीची संमती घ्यावी लागते. संग्रहालयाला जे विचारावं लागतं ते मी शाळेच्या भिंतीवर न विचारता का चिकटवू? मी मिम्ब्रेसचे फोटो वापरत नाही.

पायरी १: नकाशा, पण दहा मिनिटांत

'पुएब्लो' हा स्पॅनिश शब्द, अर्थ गाव. स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात आले, माती-दगडाची दुमजली-तिमजली घरं बघितली आणि सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळे झाले. आज न्यू मेक्सिकोत १९ पुएब्लो आहेत, शिवाय ॲरिझोनात होपी आणि टेक्ससमध्ये एक. भाषा एक नाही. ॲकोमा, झिया, कोचिटी ही केरेस बोलणारी. सॅन इल्डेफॉन्सो आणि सांता क्लारा टेवा बोलणारी. झुनीची भाषा जगात दुसऱ्या कुठल्याच भाषेशी नातं न सांगणारी.

फळ्यावर मी एवढंच लिहिते: "पुएब्लो लोक असं मानतात की..." आणि त्यावर फुली मारते. चारही तास हे वाक्य बंद. कुठलं गाव, कुठली बाई, कुठला काळ, हे म्हटल्याशिवाय वाक्य सुरू करायचं नाही. मुलं एकमेकांना पकडतात यात, आणि मला तर रोज पकडतात.

पावसाचा आकडा मात्र सांगाच. अल्बुकर्कीत वर्षाकाठी साधारण नऊ इंच पाऊस पडतो. आपल्याकडच्या माणदेशातही याच्या जवळपास दुप्पट पडत असेल. ॲकोमाचं जुनं गाव तर साडेतीनशे फुटांहून उंच खडकाच्या माथ्यावर. वर झरा नाही, कातळातल्या खळग्यांत साठलेलं पावसाचं पाणी आणि खालून डोक्यावर वाहून आणलेलं. मडक्यांवर ढग नि पाऊस इतक्या वेळा का येतात, हे मुलांना आता मी समजावून सांगावं लागत नाही.

पायरी २: न बोलता बघा

प्रत्येक गटाला एक फोटो, हाताएवढा मोठा छापलेला. पाच मिनिटं बोलायचं नाही, लिहायचंही नाही. मग कागदावर मडक्याची नुसती बाह्यरेषा काढायची आणि तिचे भाग पाडायचे: काठ, गळा, खांदा, पोट, बूड. आपल्या भाषेत मडक्याला माणसासारखे अवयव आहेत याचा इथे फार उपयोग होतो. मराठी शाळेत शिकवत असाल तर हे शब्द आधी मुलांकडूनच काढून घ्या.

बूड निरखायला सांगा. पाणी वाहायच्या मडक्यांचं बूड बहुधा आत दबलेलं असतं. का? डोक्यावर बसावं म्हणून. झुनीच्या बायका त्याखाली युक्का नावाच्या वाळवंटी झुडपाच्या पात्यांचं विणलेलं कडं घेत. मी फळ्यावर ते कडं काढलं तेव्हा वर्गातली एकुलती एक मराठी मुलगी ओरडली, "चुंबळ!" तिनं ती आजोळी बघितली होती. शब्द मग वर्गाचाच झाला.

आता मोजणी. नक्षी किती पट्ट्यांत आहे? एकच आकृती किती वेळा येते? दोन वेळा, चार वेळा, की मोजताच येत नाही अशी अखंड? रंग किती? रिकामी जागा किती? शेवटचा प्रश्न सोडू नका. झियाच्या पक्ष्याभोवती मोकळी पांढरी जागा असते, ॲकोमाच्या काही मडक्यांवर तिळाएवढी सोडलेली नसते. मुलं रंगवलेलंच मोजतात, सोडलेलं मोजायला शिकवावं लागतं.

पायरी ३: माती आणि जाळ

ही पायरी बहुतेक शिक्षक गाळतात. माझ्या मते निम्मा धडा इथेच आहे, कारण दोन गावांची नक्षी वेगळी दिसते ती पुष्कळदा माती आणि जाळ वेगळा म्हणून.

चाक कुठेच नाही. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवायच्या, भोपळ्याच्या तुकड्यानं खरवडत भिंत पातळ करायची. माती काढायला जाताना आधी तिची प्रार्थना करतात. ती प्रार्थना काय असते हे आपण विचारायचं नाही. नुसती माती भाजताना तडकते म्हणून तिच्यात काहीतरी कोरडं मिसळावं लागतं. झियात काळ्या बेसॉल्ट दगडाचा चुरा. ॲकोमात जुन्या फुटक्या मडक्यांची खापरं दळून त्याची भुकटी. म्हणजे आजच्या मडक्यात पणजीच्या मडक्याचा अंश असतो, आणि हे काही मी अलंकारिक बोलत नाही. वर्गात ऐकवलं की एक क्षण शांतता होते. त्या शांततेत काही बोलू नका.

ॲकोमाची भिंत इतकी पातळ की टिचकी मारली तर खणकते. वर पांढऱ्या मातीचा लेप, त्यावर काळी आणि नारिंगी नक्षी. कुंचला युक्काच्या पात्याचा, टोक चावून धागे मोकळे केलेला. आपल्याकडे वारली चित्रकार बांबूची काडी चावून तसाच कुंचला करतात, तेव्हा हे समजायला मराठी मुलांना वेळ लागत नाही. करून बघा: कुठलीही तंतुमय काडी ठेचून (वर्गात चावायला लावू नका, पालकांचे फोन येतात), काळ्या रंगात बुडवून दहा समांतर रेषा ओढायच्या, एकमेकींना न चिकटता. पट्टी नाही. तिसऱ्या रेषेला वर्ग गप्प होतो. मग ॲकोमाच्या लुसी लुईस किंवा मेरी चिनोच्या मडक्याचा फोटो समोर ठेवा. अशा शेकडो रेषा, आणि त्याही गोल पोटावर, जिथं प्रत्येक रेषेला वळण घ्यावं लागतं.

मग जाळ. बंदिस्त भट्टी नाही. उघड्यावर लाकडं आणि गोवऱ्या रचून भाजतात, हो, आपल्या गोवऱ्याच. हवा खेळती राहिली तर लोहयुक्त माती लाल होते. ऐन जाळात वरून घोड्याच्या लिदीचा भुगा टाकून हवा कोंडली तर धूर आत मुरतो आणि तीच माती काळी होते. मुलांना वाटतं काळा रंग लावलेला असतो. सॅन इल्डेफॉन्सोच्या काळ्या मडक्यावर काळा रंग औषधालाही नाही.

मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) आणि तिचा नवरा जुलियन (१८७९–१९४३) यांनी १९१९ च्या सुमाराला यातच एक भर घातली. मारिया मडकं घडवायची आणि गुळगुळीत दगडानं आरशासारखं घोटायची. त्या घोटलेल्या अंगावर जुलियन पातळ मातीनं नक्षी काढायचा. भाजून निघाल्यावर सगळंच काळं, पण घोटलेलं चकाकतं आणि रंगवलेलं मंद राहतं. नक्षी दिसते ती फक्त उजेडामुळे. कागदावरच्या फोटोत हे हरवतं, म्हणून एक उपाय: पॉलिश केलेल्या कडप्प्याचा तुकडा घ्या, त्यावर काळ्या पोस्टर कलरनं काहीतरी काढा, वाळू द्या, आणि खिडकीपाशी नेऊन मुलांना तो तिरका करायला सांगा. एका कोनात चित्र नाहीसं होतं, दुसऱ्यात उजळतं. माझ्या वर्गात कडप्पा कुठला, मी बाथरूमची काळी टाइल वापरते.

पायरी ४: जोड्या लावा, पण विचारपूर्वक

तुलना म्हणजे कोणतीही दोन मडकी शेजारी ठेवणं नव्हे. एक गोष्ट सारखी आणि बाकी वेगळी असेल तरच हाती काही लागतं. माझ्या तीन जोड्या ठरलेल्या आहेत.

पहिली, पक्षी. ॲकोमाचा पोपट आणि झियाचा पक्षी, दोन्ही केरेस बोलणारी गावं. ॲकोमाच्या पोपटाची चोच आकडीसारखी वळलेली, भोवती फांद्या, फळं, फुलं, वर इंद्रधनुष्यासारखा रुंद पट्टा. झियाचा पक्षी सरळ चोचीचा, पाय पुढे-मागे टाकलेले, पळतोयसा. पुष्कळ लोक त्याला रोडरनर म्हणतात, आणि तो तर आमच्या शाळेच्या मैदानातही पळताना दिसतो. मग मी विचारते, "रोडरनर दारात आहे. पोपट कुठून आला?" इथल्या वाळवंटात मकॉ पोपट राहत नाही. तो दक्षिणेकडून, आजच्या मेक्सिकोतून व्यापारानं यायचा; न्यू मेक्सिकोतल्याच चाको कॅन्यन या दरीतल्या हजार वर्षांपूर्वीच्या वास्तूत मकॉची हाडं सापडली आहेत. आणि ॲकोमात पोपट हे एका कुळाचं नावही आहे. एका पक्ष्यातून व्यापार, भूगोल आणि कुळ तिन्ही निघतात. "पोपट म्हणजे अमुक" असं एका ओळीत बसवलं असतं तर तिन्ही गेले असते.

दुसरी जोडी पाण्यातल्या सर्पाची. टेवा लोक त्याला अवान्यू म्हणतात: डोक्यावर शिंग किंवा पिसं, नागमोडी अंग, विजेसारखी दुभंगलेली जीभ. सॅन इल्डेफॉन्सोत तो मंद काळ्या रेषेत रंगवलेला. शेजारच्या सांता क्लारात मार्गारेट टफोया (१९०४–२००१) आणि तिच्या घरच्यांनी तो जाड भिंतीत खोल कोरलेला. सर्प तोच, भाषा तीच, दोन गावांत अंतर काही मैलांचं. बदललं ते हत्यार. मुलांना डोळे मिटून दोन्हींवरून बोट फिरवल्याची कल्पना करायला सांगा: एकीवर काहीच लागणार नाही, दुसरीवर बोट खाचेत उतरेल. सांता क्लाराच्या भांड्यांवर अस्वलाचा पंजाही दाबलेला असतो. दुष्काळात अस्वलानं गावाला पाणी दाखवलं अशी तिथली गोष्ट आहे आणि ती गावातले लोक स्वतः सांगतात, म्हणून मीही सांगते.

तिसरी जोडी हरणांची, आणि ही थोडी कुरापतखोर आहे. झुनीच्या हरणाच्या तोंडातून एक लाल रेषा निघते आणि छातीत बाणासारखी थांबते; तिला हृदयरेषा म्हणतात. हरणाभोवती वेलबुट्टीची कमान. तिला हरणाचं घर म्हणतात. मधे मोठं फूल, बूड बहुधा गडद. आता तसंच हरीण, तीच लाल रेषा, पण बूड नारिंगी आणि भिंत कागदासारखी. गाव ओळखा! मुलं हटकून झुनी म्हणतात. मडकं ॲकोमाचं, लुसी लुईसच्या हातचं. नक्षी गाव सोडून जाते, लेप आणि माती सहसा जात नाही. म्हणून आधी बूड आणि भिंत बघायची, हरीण नंतर. हे मी सांगत नाही, एकदा फसल्यावर ती आपणहून बूड बघायला लागतात.

होपींचं मडकं मी जोडीला ठेवत नाही, ते पुढच्या पायरीसाठी राखून ठेवते.

पायरी ५: अर्थ, आणि तो कुणी सांगितला

आता कुठे अर्थाकडे. कागदाचे तीन रकाने करायचे: 'दिसतं', 'कुणी सांगितलं', 'मला वाटतं'. पहिल्यात डोळ्यांना दिसतं तेवढंच. "पाण्याची रेषा" असं लिहिलं तर खोडायचं. "नागमोडी रेषा, सहा वळणं" असं हवं. दुसऱ्यात अर्थ आणि त्याच्याच शेजारी सांगणाऱ्याचं नाव: अमुक गावची कुंभारीण, अमुक संग्रहालयाची पाटी, अमुक वर्षीचा संशोधक. नाव नसेल तर रकाना कोरा. तिसरा रकाना मुलांचा, तिथं वाट्टेल ते लिहावं, पण ते तिसऱ्यातच राहावं.

दुसरा रकाना पुष्कळदा कोरा राहतो आणि मुलं चिडतात. तेव्हा मी रूथ बन्झेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईची गोष्ट सांगते. ही १९२० च्या दशकात झुनी, ॲकोमा, होपी आणि सॅन इल्डेफॉन्सोत जाऊन राहिली, स्वतः मडकी घडवायला शिकली, आणि नक्षीबद्दल बायकांना विचारत गेली. १९२९ साली तिचा अभ्यास छापून आला. अर्थ सांगायची तऱ्हाच गावागणिक निराळी असल्याचं तिला आढळलं. कुठे भरभरून सांगत, कुठे नक्षी म्हणजे नक्षी, छान दिसते म्हणून. दारात रोज ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या तुमच्या आईला विचारा, हा सहावा ठिपका कशासाठी? ती काय म्हणेल ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि मग स्वस्तिक. हा भाग मोठ्या मुलांसाठी, आणि पालकांना आधी कळवून; वर्गात ज्यू घरातली मुलं असतात. अमेरिकेच्या या नैर्ऋत्य भागातल्या जुन्या विणकामावर, टोपल्यांवर, भांड्यांवर स्वस्तिकाचा आकार येत असे, आणि त्याचा आपल्या दारावरच्या स्वस्तिकाशी काही संबंध नव्हता, हिटलरशी तर नव्हताच. १९४० च्या फेब्रुवारीत ॲरिझोनातल्या टुसॉनमध्ये होपी, नवाहो, अपाची आणि पापागो (आजचे तोहोनो ओओधम) यांच्या प्रतिनिधींनी सही करून जाहीर केलं की यापुढे आपण हे चिन्ह वापरणार नाही. एक आकार, तीन खंडांत तीन आयुष्यं. चिन्हाचा अर्थ चिन्हाच्या पोटात नसतो हे सांगायला माझ्याकडे याहून धडधडीत उदाहरण नाही. माझ्या दिवाळीच्या रांगोळीकडे एका शेजारणीनं कसं बघितलं होतं, तेही मी वर्गात सांगते.

झियाचा सूर्यही इथेच येतो. लाल वर्तुळ, चार दिशांना चार-चार किरण. झियात चार हा आकडा पवित्र: चार दिशा, चार ऋतू, दिवसाचे चार प्रहर, आयुष्याचे चार टप्पे. १९२५ साली हे चिन्ह न्यू मेक्सिकोच्या झेंड्यावर गेलं. झियाच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनी पुढे त्याबद्दल तक्रार केली. आज ते चिन्ह नंबरप्लेटवर, टी-शर्टवर, प्लंबरच्या गाडीवर आहे. मुलांना शाळेतून घरी जाताना मोजायला सांगा. एकानं बावीस मोजले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात वाद झाला: प्लंबरनं विचारायला हवं होतं का? मी निकाल देत नाही, वेळ मात्र देते.

पायरी ६: जुनं म्हणजे किती जुनं?

आता नाम्पेयोचं मडकं बाहेर काढायचं. ही साधारण १८५९ ते १९४२ या काळातली, होपींच्या फर्स्ट मेसावरच्या हानो गावची. हानो मुळात टेवा लोकांचं. १६८० साली पुएब्लोंनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला, त्यानंतरच्या धामधुमीत ते पूर्वेकडून इथे आले. जवळच सिक्याट्की या जुन्या होपी गावाचे अवशेष आहेत. तिथं पंधराव्या-सोळाव्या शतकातली, करड्या मातीची पण भाजल्यावर मधासारखी पिवळी होणारी खापरं मिळतात. नाम्पेयो त्या खापरांवरच्या नक्षीकडे वळली. १८९५ साली जेसी फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञानं तिथं उत्खनन केलं, तेव्हा तिचा नवराही त्या कामावर होता. पण तिनं नक्कल केली नाही. बसके, रुंद खांद्यांचे आकार घेतले, पंखांच्या रेषा घेतल्या आणि मधली जागा मोकळी सोडली. तिच्या घराण्यातल्या पुढच्या कुंभारणी एका दाट रेषांच्या पंखाच्या नक्षीला 'स्थलांतर' म्हणतात.

वर्गाला प्रश्न एकच: ही परंपरा की नवीन काम? दोन गट पाडा आणि भांडू द्या. भांडणाला दारूगोळा हवा म्हणून दोन गोष्टी सांगा. १८८० मध्ये रेल्वे आली, प्रवासी आले, आणि पाण्याचं मडकं विकायची वस्तू झालं. घरात पाणी भरायला तोवर पत्र्याच्या बादल्या आल्या होत्या. आणि दुसरी: मडक्यावर सही करायची पद्धत नव्हती. मारियानं १९२० च्या दशकात सही सुरू केली ती गिऱ्हाइकाला हवी म्हणून.

सांता फेत २०२२ साली 'ग्राउंडेड इन क्ले' नावाचं प्रदर्शन भरलं. त्यात मडकी निवडली आणि त्यांच्याबद्दल लिहिलं ते पुएब्लो समाजातल्या साठहून अधिक जणांनी, तज्ज्ञांच्या पाट्या नव्हत्या. कुणी आजीच्या स्वयंपाकघराबद्दल लिहिलं, कुणी मातीच्या वासाबद्दल. त्यातलं एखादं टिपण वर्गात वाचून दाखवा. दुसऱ्या रकान्यात काय लिहायचं ते मुलांना त्यातून कळतं.

पायरी ७: स्वतःची नक्षी, पुएब्लोंची नव्हे

"चला, आता आपण पुएब्लो मडकं बनवू या" हा तास घेऊ नका. अवान्यू, हृदयरेषेचं हरीण, झियाचा सूर्य मुलांच्या कागदी मडक्यांवर उतरवायचे नाहीत. अमेरिकेत मूलनिवासी नसलेल्यानं आपलं काम त्यांचं म्हणून विकणं १९९० च्याच दुसऱ्या एका कायद्यानं गुन्हा आहे. शाळेतलं कागदी मडकं गुन्हा नाही, पण सवय तिथूनच लागते.

घ्यायची ती रचना. पट्टे पाडा: काठ, गळा, खांदा, पोट. एक आकृती चार वेळा बसवा, कंपास न वापरता, गोल अंगावर. रंग दोन किंवा तीन. विषय एकच, सगळ्यांना सारखा: तुमच्या घरी पाणी कुठून येतं? मग टँकर येतो, नळाची चावी येते, पहाटे चारला भरून ठेवलेली पिंपं येतात, गच्चीवरची काळी टाकी येते. एका मुलीनं तिच्या आजोळची, सांगोल्याकडची, हापशाची दांडी चार दिशांना चार वेळा काढली होती. दुरून पक्षी वाटायची.

मडकं खरं करायचं असेल तर साधी माती, वळ्यांची पद्धत, हवेत वाळवून. भाजायच्या भानगडीत पडू नका. मी एकदा शाळेच्या मागच्या अंगणात पडले होते. अकरापैकी नऊ फुटली आणि अग्निशमन दलाची गाडी आली.

पायरी ८: गुण आणि मांडणी

गुण मी नक्षीच्या सुबकपणाला देत नाही. दहापैकी चार 'दिसतं' रकान्याला, चार 'कुणी सांगितलं' रकान्याला, आणि यात नाव नसेल तर कोरा सोडल्याबद्दलही पूर्ण गुण. उरलेले दोन स्वतःच्या नक्षीच्या रचनेला.

भिंतीवर मांडताना प्रत्येक मडक्याखाली काढणाऱ्याचं नाव आणि तीन ओळी, त्याच्याच शब्दांत. फोटोंखाली गावाचं नाव, घडवणारीचं नाव ठाऊक असेल तर ते आधी. सहल काढणार असाल तर अल्बुकर्कीचं इंडियन पुएब्लो कल्चरल सेंटर १९ पुएब्लोंच्या मालकीचं आहे, तिथून सुरुवात करा. ॲकोमाला गेलात तर फोटोचे नियम आधी विचारा. बऱ्याच पुएब्लोंत परवानगी लागते आणि नाचाचे फोटो काढू देत नाहीत.

यंदा शेवटच्या तासाला एकाची गळ्याभोवतीची रेषा फिरून आली ती सुरुवातीच्या टोकाला जुळेचना, चांगली अर्धा इंच खाली उतरली. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस, मी मुद्दाम सोडली असं लिहू का?" दुसऱ्या रकान्यात कुणाचं नाव घालशील, असं मी विचारलं. त्यानं थोडा विचार केला आणि हात पुढे केला. मी खोडरबर दिलं.